गालान म्हणजे गाणं की किंकाळी?

तळटीप: 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या मराठी अनुवादात ७८६व्या ओळीपाशी गाडी अडली आहे. राक्षस ग्रेंडेलचा हात नायक बेवुल्फच्या पकडीत आहे, सुटत नाही, आणि डेन लोक भिंतीवरून तो आवाज ऐकताहेत. ओळ अशी: 'ग्र्युरेलेओथ गालान गोदेस आंदसाकान'. देवाचा वैरी भयाचं गाणं गातोय, 'गालान' म्हणजे गाणं म्हणणं. लगेच पुढे 'सिगेलेआस्ने सांग', म्हणजे ज्यात विजय नाही असं गाणं. 'भयगीत गाऊ लागला' म्हटलं तर राक्षस मैफलीला बसल्यासारखा वाटतो. 'किंकाळी फोडली' म्हटलं तर गाणंच उडतं. काही मधला शब्द आहे का?

रातकिडा: किंकाळी नकोच. ती एकदा फुटते आणि संपते. इथे आवाज पुन्हा पुन्हा उठतोय. 'हेल काढून रडू लागला' पाहा. हेलात सूरही आहे आणि रडणंही. आयरिशमधून इंग्रजीत आलेलं 'कीन' म्हणजे नेमकं हेच, मयतापाशी बायांनी हेल काढून रडणं. तीक्ष्ण अर्थाच्या 'कीन'शी त्याचा संबंध नाही. तो जुन्या इंग्रजीतला 'केने', म्हणजे शूर.

सोवळेशास्त्री: एवढी शोधाशोध कशाला? गालान म्हणजे आपला गळा! गळा, गाणे, गालान, सगळं एकच कूळ. 'गळा काढला' लिहा, मूळ शब्दही राहील.

कोशकीटक: शास्त्रीबुवा, 'गळा काढला' वापरायला हरकत नाही, पण कूळ जुळत नाही. संस्कृतातल्या मूळ ग-ज च्या जागी इंग्रजीत क येतो: गो–काऊ, जानु–नी (लिहिताना के अजून आहे, उच्चारातून गेला), जन–किन. इंग्रजीत ग दिसला तर संस्कृतात घ किंवा ह शोधायचा: हंस–गूस. त्यामुळे ग-ला-ग जुळला की आधी संशय घ्यावा.

गालानचे खरे नातलग इंग्रजीतच आहेत. 'नाइटिंगेल' पक्ष्याच्या नावातलं गेल तेच. जुना शब्द 'निह्तेगाले', रात्री गाणारी, मधला अनुनासिक नंतर घुसला. आणि 'यल', म्हणजे ओरडणं, हे 'गिएलान'वरून. जुन्या इंग्रजीत ग पुढे इ-ए आला की त्याचा य होतो, आ आला की ग टिकतो. म्हणून एकाच घरात एकीकडे गेल आणि दुसरीकडे यल. 'येल्प'ही त्याच वाटेने आलं, 'गिएल्पान'वरून, पण त्याचा अर्थ होता बढाई मारणं. योद्धे मेजवानीत करायचे ते. आज कुत्र्याचं पिल्लू केकाटतं त्याला येल्प म्हणतात. फुशारकीची इतकी घसरण दुसऱ्या भाषेत सापडणं अवघड. 'व्हाइन', म्हणजे रडका सूर काढणं, तर आधी बाणाच्या सणसणण्याला होतं.

रातकिडा: आणि किंकाळीचे 'श्रीक'–'स्क्रीच'?

कोशकीटक: तिथे नॉर्सचा, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेचा, हात आहे. जुन्या इंग्रजीत स्क चा श झाला, नॉर्समध्ये स्क राहिला. शर्ट–स्कर्ट ही त्याचीच जोडी, मुळात कपडा एकच. 'श्रीक'च्या मागे नॉर्स 'स्क्रॅक्या' आहे. लँकाशायरच्या बोलीत 'स्क्राइक' म्हणजे रडणं, त्यांनी स्क सोडला नाही. 'श्राइक' पक्ष्याचं नावही आवाजावरून पडलंय. मराठीने मात्र त्याचं काम पाहून खाटीक म्हटलं. किड्यांना काट्याला टोचून ठेवतो ना!

सोवळेशास्त्री: असो. किंकाळी, आरोळी हे बाजारी शब्द महाकाव्यात शोभत नाहीत. 'चीत्कार' घ्या.

ठसका: चीत्कार हत्तीचा! घोडा खिंकाळतो, गाय हंबरते, हत्ती चीत्कारतो. ग्रेंडेलला सोंड नाही.

सोवळेशास्त्री: हंबरडा माणसं फोडतात तो गाईचाच ना? मग हत्तीने काय पाप केलं?

ठसका: हंबरड्याला लोकांनी माणसांत घेतलं. चीत्काराला क्रिकेटच्या बातम्यांनी घेतलं. तिथे प्रेक्षक आनंदाने चीत्कारतात. वाचकाच्या कानात तेच वाजणार.

तळटीप: अनुप्रासही सांभाळायचाय हो. ७८६त तीन ग, ७८७त तीन स. 'घोर गाण्याचा गळा काढला' हे कसं वाटतं? पुढे 'सल सोसवेना, सूर सरेना' घालून पाहिलं, पण त्यात 'विजय नसलेलं' निसटतं.

रातकिडा: 'गाण्याचा गळा' कानाला खटकतं. आणि गळा काढण्यात थोडं खोटं रडणं आलंच. कांगावखोर काढतात गळा.

ठसका: 'भेसूर' कुणालाच सुचला नाही? सूर त्यातच बसलाय.

कोशकीटक: बसलाय खरा, पण तो विशेषण आहे. पुढे गाणं लागेलच, म्हणजे पुन्हा मैफल.

सोवळेशास्त्री: वरती कुणी ऱ्हस्व 'चित्कार' लिहिणार असेल तर आधीच सांगतो, ची दीर्घ आहे.

ठसका: वर सगळीकडे दीर्घच आहे. चष्मा पुसा.

सोवळेशास्त्री: मी पुढच्यासाठी सांगितलं. वर्तमानपत्रांत ऱ्हस्वच छापतात.