पॉवर टूलची कंपनी बंद पडली, आता स्पेअर पार्टचं काय? (बडोदे)

सागवान_बडोदे

नमस्कार मंडळी. छोटं फर्निचर वर्कशॉप आहे आणि तीन मशिनं एकाच ब्रँडची आहेत: १२.५ इंची पोर्टेबल थिकनेस प्लॅनर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीला रंधणारं मशीन (कार्बन ब्रशवाली मोटर, दोन धारांची डिस्पोजेबल पाती, दोन रबर रोलर), १२ मिमी कोलेटचा (बिट पकडणाऱ्या चिमट्याचा) प्लंज राउटर, म्हणजे लाकडात खाचा-नक्षी कापायचं टूल, आणि १८ व्होल्टचा कॉर्डलेस ड्रिल-इम्पॅक्टचा सेट. ब्रँडचं नाव देत नाही. प्रश्न कुठल्याही बंद पडलेल्या कंपनीला लागू आहे.

कंपनीने धंदा गुंडाळलाय. सर्व्हिस सेंटर मशीन आत घेत नाही. वेबसाइट अजून उघडते. तिन्ही मशिनं आज चालू आहेत, फक्त प्लॅनरच्या फीडमध्ये कटकट आवाज येतो आणि जाड फळी मध्येच अडते.

आत्ताच विकून मोकळं व्हावं का? ठेवायची तर कुठले पार्ट भरून ठेवायचे? आणि मकरपुरा जीआयडीसीत (इथल्या औद्योगिक वसाहतीत) काय काय बनवून मिळू शकतं? पार्टसाठी डीलरला थोडा ॲडव्हान्स दिलेला आहे, त्याचंही सांगा.


रंधा_पटाशी

विकू नका. बंद कंपनीच्या मशीनला भंगारापेक्षा फार भाव येत नाही, आणि तुमच्या मशिनींमधले बहुतेक पार्ट त्या कंपनीचे कधी नव्हतेच. बेअरिंग, कार्बन, पट्टा, स्विच, कपॅसिटर, ऑइल सील, चेन हा सगळा बाजारचा माल असतो. कंपनीचे खास म्हणावेत असे पार्ट दर मशीनमागे चार-पाचच. पैसा आणि धावपळ त्यांच्यावरच खर्च करा, आणि तेही लवकर, कारण डीलरकडचा उरलासुरला स्टॉक एकदाच मिळतो.

पहिलं काम आजच्या आज करा. वेबसाइट चालू आहे तोवर तिन्ही मशिनींचे मॅन्युअल, सुट्या भागांचं चित्र आणि पार्ट नंबरची यादी उतरवून घ्या. होस्टिंगचे पैसे भरायचे थांबले की हे एका रात्रीत जातं. मग नेमप्लेटचे फोटो काढा: मॉडेल, वॅट, आरपीएम, सिरियल नंबर.

दुसरं काम म्हणजे मशीनचं भावंड शोधणं. असे बरेच ब्रँड स्वतः काही बनवत नाहीत. एकाच कारखान्यातून निघालेलं मशीन वेगळा रंग आणि वेगळं स्टिकर लावून चार नावांनी विकलं जातं. सुट्या भागांचं चित्र घेऊन दुसऱ्या ब्रँडच्या चित्राशी ताडून बघा. बाहेरच्या प्लास्टिकवर जाऊ नका. कटरहेडवर (पाती बसतात त्या फिरत्या दांड्यावर) पात्याच्या खिळ्यांमधलं अंतर, आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) शाफ्टचे दात, गिअरबॉक्सचे स्क्रू किती आणि कुठे, हे जुळलं तर आतलं मशीन एकच आहे असं समजायला हरकत नाही. भावंड सापडलं की निम्मा प्रश्न सुटला.

आता भरून काय ठेवायचं. प्लॅनरसाठी पात्यांचे तीन-चार सेट, पाती दाबणाऱ्या पट्ट्या आणि त्यांचे स्क्रू, फीडचे गिअर. राउटरसाठी दोन कोलेट आणि एक नट. त्याच मॉडेलचं जळकं किंवा तुटकं मशीन स्वस्तात दिसलं तर डोळे मिटून घ्या. सुटे पार्ट गोळा करण्यापेक्षा अख्खं दुसरं मशीन केव्हाही परवडतं.

काय भरून ठेवू नये हेही तितकंच महत्त्वाचं. रबरी पट्टे आणि रोलर कपाटात पडून कडक होतात, भेगा पडतात. एक जोड ठेवा, दहा नको. आणि लिथियम बॅटऱ्या तर अजिबात साठवू नका, वापरल्या नाहीत तरी त्यांची क्षमता उतरतच जाते.


मकरपुरा_टर्नर

बनवून काय मिळतं ते सांगतो.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो वाचा, पार्ट नंबर विसरा. ६०८ म्हणजे ८×२२×७, ६००० म्हणजे १०×२६×८, ६२०१ म्हणजे १२×३२×१०, ६२०३ म्हणजे १७×४०×१२ मिमी. नंबर पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी व्हर्नियरने मोजली की दुकानदार पाच मिनिटांत काढून देतो. लाकडाच्या भुशात झेडझेडपेक्षा (दोन्ही बाजूंना धातूची शील्ड) २आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या.

पट्टा: रुंद, बारीक उभ्या रेघांचा असेल तर तो पॉली-व्ही. रेघेपासून रेघेचं अंतर मोजा. २.३४ मिमी आलं तर पीजे सेक्शन. मग रेघा किती आणि लांबी किती एवढंच सांगायचं. दातांचा टायमिंग बेल्ट असेल तर दात मोजा आणि दोन दातांमधलं अंतर मोजा, गुणाकार म्हणजे लांबी. जुना पट्टा ताणलेला असतो, त्यामुळे दोरीने मोजलेल्या लांबीवर विसंबू नका.

रबर रोलर: प्रिंटिंग प्रेसचे रोलर नव्याने रबर चढवून देणारे लोक हे काम करतात. पॉलियुरेथेन चढवायला सांगा, कडकपणा साधारण ६० ते ७० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप). व्यास रोलरच्या मध्यावर मोजू नका, तिथे तो झिजलेला असतो. अगदी टोकाला, जिथे फळी सहसा पोचत नाही, तिथे मोजा आणि तेवढाच व्यास मागा. एक रोलर जाड आणि दुसरा बारीक झाला तर दोघांचा वेग जुळत नाही, फळी ओढली जाते किंवा घसरते, आणि टोकाला खड्डा पडतो. रोलर टर्पेंटाइन किंवा थिनरने पुसायचे नाहीत. डिंक-राळ लागली असेल तर साबणाच्या पाण्याने काढा.

फीडचा गिअर: तुमचा कटकट आवाज बहुधा इथलाच. कव्हर काढा, दात मोजा, बाहेरचा व्यास मोजा. सरळ दाताच्या गिअरचं मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) काढायचं तर दातांच्या संख्येत दोन मिळवा आणि त्याने बाहेरच्या व्यासाला भागा. समजा ३८ दात आणि ६० मिमी, तर ६० भागिले ४०, म्हणजे १.५ मॉड्यूल. दात तिरके असतील तर हे सूत्र चालत नाही, पार्ट घेऊनच दुकानात जा. आणि नेहमी जोडीचे दोन्ही गिअर घेऊन जा, एकटा नको.

एक चूक सगळेच करतात. मूळ गिअर प्लास्टिकचा होता आणि तुटला, म्हणून लोखंडी करून घेतात. तो प्लास्टिकचा ठेवण्यामागे कारण असतं. फळी अडकली की सर्वांत स्वस्त भाग तुटावा. तो लोखंडी केलात तर पुढच्या वेळी चेन, शाफ्ट किंवा गिअरबॉक्सचं घर तुटेल, आणि ते कुणी बनवून देत नाही. डेलरिनच्या (कडक इंजिनिअरिंग प्लास्टिकच्या) गजातून कापून घ्या.


वाइंडिंग_आणि_कार्बन

वर बेअरिंगबद्दल म्हटलंय त्यात एक दुरुस्ती. प्लॅनरच्या रोलरला, टेबलाच्या शाफ्टला २आरएस ठीक. राउटरला नाही. तो २० हजार आरपीएमच्या पुढे फिरतो आणि घासणाऱ्या रबरी सीलची वेगमर्यादा धातूच्या शील्डपेक्षा बरीच कमी असते. सील तापतं, ग्रीस वितळून बाहेर येतं, आणि बेअरिंग ओरडायला लागतं. राउटरला मूळ बेअरिंगवर जी अक्षरं आहेत तीच घ्या, आणि अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. या आकारांत नकली माल फार आहे.

कार्बन: जाडी, रुंदी, लांबी मोजा, आणि वायर-स्प्रिंगचं टोक कसं आहे ते पाहा. नेमका आकार नसेल तर थोडा मोठा घ्या आणि काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून बसवा. खाचेत तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, पण डगमगता कामा नये. लांबी ५–६ मिमी उरली की बदला, आणि दोन्ही एकदम. नवे कार्बन घातल्यावर पाच-दहा मिनिटं लोड न देता चालवा.

कार्बन नवे असूनही कॉम्युटेटरभोवती (आर्मेचरवर कार्बन घासतात त्या तांब्याच्या भागाभोवती) ठिणग्यांची निळी-पिवळी रिंग फिरताना दिसली तर दोष आर्मेचरमध्ये आहे. फिल्ड कॉइल (मोटरचं स्थिर वाइंडिंग) रिवाइंड करणं सोपं आणि भरवशाचं. आर्मेचरचं तसं नाही. वाइंडिंगनंतर वार्निश नीट आत मुरवून भट्टीत सुकवलं नाही आणि बॅलन्स केलं नाही, तर या वेगाला तारा बाहेर फेकल्या जातात. हे दोन्ही करणारा वाइंडर असेल तरच द्या. नाहीतर भावंड मशीनचं तयार आर्मेचर शोधा: शाफ्टच्या दातांची संख्या, कोअरचा व्यास आणि लांबी, कॉम्युटेटरचा व्यास, दोन्ही बेअरिंगच्या जागा, एवढं जुळायला हवं.

राउटरचा स्पीड बोर्ड हा कंपनीचा खास पार्ट. राउटर अचानक पूर्ण वेगाने पळायला लागला तर लगेच बोर्डला दोष देऊ नका. आर्मेचरच्या शेपटीला एक छोटं गोल चुंबक असतं आणि समोर पिकअप कॉइल. त्यावरून बोर्ड वेग ओळखतो. चुंबक सैल झालं किंवा कॉइल सरकली तरी हेच होतं. बोर्ड खरोखर गेला असेल तर मोटर थेट स्विचवर चालते, पण सॉफ्ट स्टार्ट नाही आणि वेग कायम पूर्ण. तशा राउटरला मोठ्या व्यासाचा बिट लावू नका, बिटच्या दांड्यावर छापलेली आरपीएमची मर्यादा बघा. बाहेरून साधा रेग्युलेटर लावला तर वेग कमी होतो, पण लोड आला की तो आणखी पडतो. हे सगळं फक्त कार्बनवाल्या मोटरला लागू आहे. ब्रशलेस टूलचा बोर्ड गेला की त्याला बगल देता येत नाही.


रंधा_पटाशी

राउटरच्या बेअरिंगचं बरोबर आहे, मीही तेच करतो.

पात्यांबद्दल थोडं. तुमच्या प्लॅनरची पाती भोकांवर बसणारी आहेत, म्हणून बाजारातली साधी लांब पट्टी चालणार नाही. स्टॉक संपल्यावर एचएसएस (हाय स्पीड स्टील) पट्टीतून बनवून घेता येतात, पण कडक केलेल्या एचएसएसला ड्रिलने भोक पडत नाही. ईडीएमने (विजेच्या ठिणगीने धातू कापणाऱ्या मशीनने) भोक, वायरकटने (तसंच, पण तारेने) आकार आणि शेवटी सरफेस ग्राइंडरवर धार, या क्रमाने काम होतं. जाडी मूळ पात्याइतकीच हवी, आणि सेटमधली सगळी पाती काट्यावर घालून बघा. वजनात फरक असेल तर फळीवर लाटा उठतात आणि कटरहेडची बेअरिंग लवकर जातात. एकदम दोन-तीन सेट करा, मशीन लावण्याचा खर्च वाटला जातो. जुनी पाती घासून वापरायची तर अगदी हलकी घासा. भोकांमुळे ती पुढे सरकवता येत नाहीत, त्यामुळे जेवढं घासाल तेवढी धार आत जाते.

आणि काही पार्ट स्थानिक बनवून घ्यायचेच नाहीत: कटरहेड, पाती दाबणारे स्क्रू (मूळ स्क्रूच्या डोक्यावर जो ग्रेड आहे त्याखालचा कधीच नाही), राउटरचं कोलेट आणि नट. कोलेटचा तिरपेपणा आणि स्प्रिंग-स्टीलचं उष्णतासंस्करण दोन्ही अचूक लागतं. ६ मिमीचा बिट पाव इंची, म्हणजे ६.३५ च्या कोलेटमध्ये, किंवा १२ चा १२.७ मध्ये आवळून काम भागवू नका, चालू राउटरमधून तो निसटतो. कटरहेडला तडा गेला तर ते मशीन संपलं. बाकीचे पार्ट काढून घ्या आणि सांगाडा भंगारात द्या.


लिथियम_१८व्ही

बॅटरीचा भाग राहिला.

१८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल सिरीजमध्ये असतात. मोठ्या पॅकमध्ये पाचाच्या जागी पाच जोड्या. बहुतेक जुन्या पॅकमध्ये १८६५० आकाराचे सेल. सेल बदलता येतात, अटी अशा: सगळे एकाच कंपनीचे, एकाच बॅचचे, जास्त करंट देणारे (२० अँपिअरच्या आसपास), टॉर्च किंवा पॉवर बँकचे नाहीत. जोडणी निकेल पट्टीने स्पॉट वेल्ड करूनच. सेलवर थेट सोल्डर केलं तर आतली सील उष्णतेने खराब होते. आतल्या संरक्षण बोर्डवरच्या तारा ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने. एक सेल उलटा लागला किंवा पट्टी कडेला टेकली तर आग लागते, म्हणून इलेक्ट्रिक स्कूटरचे पॅक बांधणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

दुसरा रस्ता ॲडॅप्टरचा: चालू ब्रँडची बॅटरी, तुमचं टूल. स्वस्त आणि सोयीचा, पण एक खोच आहे. काही ब्रँड बॅटरी फार उतरू न देण्याचं काम पॅकमध्ये करतात, काही टूलमध्ये. तुमचं टूल ते पॅकवर सोपवणारं असेल आणि नवा पॅक टूलवर विसंबणारा, तर थांबवणारं कुणीच नाही. सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. म्हणून कमी व्होल्टेजला बंद होणारा ॲडॅप्टर घ्या, किंवा ड्रिलचा जोर कमी झाल्याबरोबर बॅटरी काढा. जुना चार्जर नव्या पॅकला लावायचा नाही.

खरं तर कॉर्डलेस सेटवर फार जीव लावू नका. दोन्ही पॅक संपेपर्यंत वापरा आणि पुढचा सेट ज्याची बॅटरी गावात सहज मिळते त्याचा घ्या.


दांडियाबाजार_हिशेब

ॲडव्हान्सचं: पावती कुणाच्या नावाची आहे ते बघा. डीलरने स्वतःच्या जीएसटी नंबरवर पावती दिली असेल तर पैसे डीलर देणं लागतो, कंपनी बंद पडली ही त्याची अडचण. लेखी मागा, नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. पैसे थेट कंपनीला गेले असतील तर तिच्यावर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली कारवाई सुरू आहे का पाहा. असेल तर कलम १४ ची स्थगिती लागते, वेगळा दावा चालत नाही. जाहीर नोटिशीतल्या मुदतीत, नेमलेल्या व्यावसायिकाकडे फॉर्म बी भरून रक्कम कळवायची. विनातारण पैसे येणं असलेल्यांचा नंबर बराच मागे लागतो, त्यामुळे त्या पैशांवर पुढचा बेत आखू नका.


सागवान_बडोदे

सगळ्यांचे आभार. मॅन्युअल आणि पार्ट लिस्ट उतरवून घेतली. प्लॅनरचं कव्हर काढलं. मोठ्या गिअरचे लागोपाठ तीन दात अर्धे गेलेत. दात सरळ, संख्या ४८, बाहेरचा व्यास ५२.९ मिमी. मॉड्यूल १.०५८ येतंय, हे काहीतरी चुकतंय का?


मकरपुरा_टर्नर

चुकत नाही. गिअर इंची आहे. २५.४ ला १.०५८ ने भागा, २४ येतात, म्हणजे २४ डीपी (डायमेट्रल पिच, दाताचं इंची माप). मूळ डिझाइन अमेरिकन असणार. दुकानात '२४ डीपी, ४८ दात' असं लिहून द्या. एक मॉड्यूलचा हॉब (दात कापायचा कटर) लावून देतो म्हणाले तर नको म्हणा, तसा गिअर आठवडाभर फिरेल आणि पुन्हा दात खाईल. इंची गिअरमध्ये दाताचा कोन साडेचौदा किंवा वीस अंश दोन्ही सापडतात, तो न झिजलेल्या दातावर गेज लावून तपासायला सांगा. छोटा गिअरही त्याच वेळी नवा करा. झिजलेल्या दातावर नवा चालवला तर नव्याचाही आकार बिघडतो. बसवताना दोन दातांमध्ये साध्या कागदाचा एक तुकडा सुरकुतून, पण न फाटता बाहेर येईल एवढी ढील ठेवा, आणि ग्रीस अगदी पातळ थरात. जास्त लावलं तर भुसा चिकटून घट्ट लगदा होतो आणि फळी परत अडायला लागते.