रेड विंग्ज पोरं घडवतात, की नुसती रांगेत उभी करतात?

समीर_नोवी

मंडळी, आइस हॉकी कळणाऱ्यांना रेड विंग्जबद्दल, म्हणजे एनएचएल या सर्वोच्च लीगमधल्या डेट्रॉइटच्या टीमबद्दल, एक विचारायचंय. लेक रिंकवर जायला लागल्यापासून आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नाही. त्याचं म्हणणं, टीमचा जनरल मॅनेजर (जीएम) आयझरमनला पोरांवर भरवसाच नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चांगली मुलं घ्यायची, ग्रँड रॅपिड्सला एएचएल या खालच्या लीगमध्ये ठेवून द्यायची, आणि इकडे डेट्रॉइटला तिशी ओलांडलेल्या फ्री एजंटांना (करार संपून मोकळे झालेल्यांना) मोठाले करार द्यायचे. मी आपला म्हणतो, बाबा रे, घाईने पोरं वाया जातात. पण आकडे त्याच्या बाजूने आहेत. 1991 पासून 2016 पर्यंत सलग 25 सीझन प्लेऑफ खेळलेली टीम, त्यानंतर 2025 पर्यंत एकदाही नाही. 2024 ला वॉशिंग्टनइतकेच 91 पॉइंट, तरी टायब्रेकरवर बाहेर! आयझरमन 2019 ला आला. मग चुकतंय काय, निवड की घडवणं?

ग्रिफिन्सवाली

समीरदादा, लेकाचं अर्धं बरोबर आहे. आम्ही ग्रँड रॅपिड्सचेच, व्हॅन अँडेल अरीनात सीझन तिकीट आहे, त्यामुळे ही पोरं आम्हाला तुमच्या आधी दिसतात.

डेट्रॉइटच्या संयमाचं जे कौतुक चालतं ना, त्यातला निम्मा संयम हा जागा नसल्याचा होता. लिडस्ट्रॉम, झेटरबर्ग, डॅटसुक असताना पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसणार कशी? 2013 चं बघा. ग्रिफिन्सनी, म्हणजे आमच्या एएचएल टीमने, त्या वर्षी काल्डर कप (एएचएलचं विजेतेपद) जिंकला, टाटार प्लेऑफचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). नायक्विस्टही तयार होता. पण उन्हाळ्यात आल्फ्रेडसन आणि वाइस यांना सही करून घेतलं आणि जागा भरल्या. टाटारला खाली पाठवायचं तर वेव्हर्सवर टाकावं लागलं असतं, म्हणजे 24 तासांत दुसरी कुठलीही टीम त्याला उचलू शकली असती. नायक्विस्टला ती भीती नव्हती, म्हणून खाली तोच आला. नोव्हेंबरात वर बोलावलं तर पठ्ठ्याने 57 सामन्यांत 28 गोल मारले! त्याला अजून शिकायचं होतं म्हणून तो आमच्याकडे होता असं कुणी म्हणू नये. कागदपत्रांमुळे होता.

बाकी अर्धं मात्र तुमच्या लेकाला पटणार नाही. एएचएलमध्ये पोरं काय शिकतात ते टीव्हीवर कळत नाही. एकदा इथे येऊन गोलच्या मागच्या कोपऱ्यातली सीट घ्या. पक (खेळातली चकती) पाठीमागे बोर्डवर येतो, एकोणीस-वीस वर्षांचा डिफेन्समन तो आणायला वळतो, मागून फोरचेकर (पक हिसकवायला धावणारा समोरच्या टीमचा खेळाडू) सुसाट. पकला हात लावायच्या आधी खांद्यावरून मागे एक नजर टाकली तर पास निघतो, नाही टाकली तर काचेवर चेंगरतो. ऑक्टोबरात नुसता पकच बघणारं पोर मार्चपर्यंत दोनदा मान वळवायला लागतं. ही सवय एनएचएलमध्ये आठ मिनिटं खेळवून लागत नाही. इथे वीस-बावीस मिनिटं मिळतात, पेनल्टी किलवरही (आपला खेळाडू कमी असताना बचावाला) पाठवतात.

डिफेन्समन एडविन्सन 2023-24 चा बहुतेक सीझन आमच्याकडे होता, वर चियारोट, पेट्री, हॉल हे अनुभवी डिफेन्समन जागा अडवून. तेव्हा मीही चिडचिड केली. पुढच्या वर्षी तो सायडरच्या जोडीला पहिल्या पेअरमध्ये! कास्परही एक पूर्ण वर्ष इथे काढून गेला आणि 2024-25 मध्ये 19 गोल करून बसला.

टॅम्पाकर_पुणेरी

आयझरमनला पोरांवर भरवसा नाही? अहो, टॅम्पाच्या एनएचएल टीमचा 2010 ते 2018 जीएम कोण होता? ड्राफ्टमध्ये कुचेरोव्ह 58 वा, पॉइंट 79 वा, पालाट तर सातव्या फेरीत 208 वा. टायलर जॉन्सनला कुणी ड्राफ्टच केलं नव्हतं.

फरक कोचमध्ये आहे. 2012 ला आमची एएचएलची टीम नॉरफोकला होती, सलग 28 सामने जिंकून काल्डर कप घेतला, कोच जॉन कूपर. जॉन्सन, पालाट, किलोर्न त्याच टीममध्ये. 2013 च्या मार्चमध्ये कूपर वर आला आणि त्याच्या हाताखालची पोरंही आली. वर आल्यावर नवं काही शिकायचंच नव्हतं. तेव्हा हे गणित सोपं वाटत होतं, 2020 आणि 2021 चे स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) त्याच कूपरने घेतले.

सगळं गोड नव्हतं हेही सांगतो. ड्रुआं, 2013 चा तिसरा पिक. सिराक्यूजला एएचएलमध्ये पाठवलं तर ट्रेड मागून घरी बसला, टीमने सस्पेंड केलं. शेवटी परत आला आणि 2016 चे प्लेऑफ चांगले खेळला. पुढच्या वर्षी त्याला मॉन्ट्रियलला देऊन सर्गाचोव्ह आणला.

एडमंटनचा_बाळ्या

घाई काय असते ते आम्हाला विचारा. 2010, 11, 12 लागोपाठ पहिला पिक आमचा. 2012 चा पिक याकुपोव्हने पहिल्याच, लॉकआउटमुळे 48 सामन्यांच्या सीझनमध्ये 17 गोल केले, तेवढे परत कधी नाही. 2016 ला सेंट लुईला देऊन टाकला. ड्रायसायटलला 37 सामन्यांनंतर केलोनाला ज्युनियरमध्ये परत धाडलं, तेव्हा इथे बोंबाबोंब झाली होती. तिथे तो मेमोरियल कप या ज्युनियरच्या मोठ्या स्पर्धेचा एमव्हीपी झाला. पुढचं सांगायला नको.

आणि समीर, एक नियम लेकाला सांग. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून घेतलेलं पोर वीस वर्षांचं होईपर्यंत एएचएलला पाठवता येत नव्हतं. एक तर एनएचएल, नाही तर परत ज्युनियर. युरोपातून घेतलेल्याला ही अडचण नाही, म्हणून सायडर अठराव्या वर्षी ग्रँड रॅपिड्सला खेळला. रासमुसेन ट्राय-सिटी या ज्युनियर टीमचा, त्याला 2018-19 मध्ये एकोणिसाव्या वर्षी 62 सामने वरच खेळवले आणि मग पुढच्या वर्षी खाली. उलटा प्रवास!

समीर_नोवी

हे वेव्हर्सचं आणि ज्युनियरचं डोक्यातच नव्हतं. लेकाने वाचलं. लगेच विचारतोय, मग झादिना का फुकट गेला? सहावा पिक होता. आणि रेमंड तर एएचएल न खेळताच आला, त्याचं काय?

ग्रिफिन्सवाली

हुशार आहे पोरगं. रेमंड फ्रोलुंडात मोठ्या माणसांबरोबर खेळून आला होता, त्याची शाळा स्वीडनमध्ये झाली. सायडरनेही आमच्यानंतर एक वर्ष स्वीडनच्या रोग्लेला काढलं आणि मग काल्डर ट्रॉफी (एनएचएलच्या सर्वोत्तम नवोदिताची) घेतली. म्हणजे डेट्रॉइटच्या सगळ्यात चांगल्या दोन पोरांची बरीचशी घडण दुसऱ्यांच्या खर्चाने झाली, हे मान्य करावं लागेल.

झादिनाचं मला इतकंच दिसलं की शॉट होता, पण तो मारायची जागा मिळवणं जमलं नाही. 2023 ला करारातले उरलेले पैसे सोडून तो बाहेर पडला. टॅम्पाकर, तुमचं कोचचं गणित आमच्याकडे चाललं नाही. आमच्या कोच ब्लॅशिलने 2013 चा काल्डर कप इथेच जिंकला, 2015 ला वर गेला आणि सात सीझनमध्ये फक्त पहिल्याच वर्षी प्लेऑफ दिसले. तो वर गेला तेव्हा वरची पंगत म्हातारी झाली होती आणि खालून द्यायला कूपरकडे होती तशी पोरं नव्हती. तेव्हा समीरदादा, तुमचा मूळ प्रश्न: 2014 ते 2018 चे ड्राफ्ट काढून बसा. लार्किन सोडला तर पहिल्या लाइनचं (मुख्य आक्रमक फळीतलं) नाव शोधायला तुम्हा दोघांना संध्याकाळ पुरायची नाही.