दोघांपुरतं चिकन स्लो कुकरमध्ये: रस्सा पाणचट, तर्री येतच नाही

दोनताटं (नागपूर): भांडं साडेतीन लिटरचं, खाणारे दोघं. अर्धा किलो बोनलेस ब्रेस्ट, कांदा, सावजी मसाला आणि दोन कप पाणी एकदमच टाकून सकाळी नऊला ‘लो’वर लावतो. संध्याकाळी सहाला चिकनचा चोथा, मसाला कच्चा आणि तर्रीचा पत्ता नाही. काय चुकतंय?

कांदाखोबरं: आधी पाणी कमी करा. झाकणाखालून वाफ फारशी जात नाही, शिवाय चिकन आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात. अर्ध्या किलोला अर्धा कप गरम पाणी पुरे.

तर्री गॅसवरच काढावी लागते. कुकरमधला रस्सा जेमतेम उकळीपर्यंत जातो, तेवढ्यात मसाला परतला जात नाही. दोन कांदे, दोन मोठे चमचे सुकं खोबरं, चमचाभर खसखस, चमचाभर धणे, सहा मिरे, दोन लवंगा, कलमीचा (दालचिनीचा) छोटा तुकडा आणि चिमूटभर दगडफूल भाजून बारीक वाटा. तीन मोठे चमचे तेलात आलं-लसूण, मग हे वाटण परता. कडेने तेल सुटून वाटण कढईला चिकटेनासं झालं की आच मंद करून दोन चमचे तिखट घाला. तिखट जळलं तर रस्सा कडू होतो, मग काही इलाज नाही. हे चिकनला चोळून भांड्यात भरा. भांडं आधी कोमट पाण्याने धुऊन घ्या, थंड सिरॅमिकला कढत मसाल्याने तडा जातो.

शेवटच्या अर्ध्या तासात चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून सोडा, रस्सा धरून येतो. सांभार (कोथिंबीर) वाढतानाच घाला.

मंदआच: ब्रेस्टला नऊ तास म्हणजे फारच झाले. हाडासकट लेग पीस घ्या: ‘लो’वर पाच तास, ‘हाय’वर तीन. तुमच्या वेळेला गावरानी कोंबडी बसते, तिला सात-आठ तास लागतातच.

भांडंही मोठं पडतंय. निम्म्याहून कमी भरलं की कडेचा मसाला करपतो. दोघांना दीड-दोन लिटरचं बरं, नाहीतर किलोभर करून अर्धं फ्रीजमध्ये ठेवा. मध्ये झाकण उघडू नका, दर वेळी वीसेक मिनिटं वाढतात.

दोनताटं: टायमर लावून दुपारी बाराला सुरू केलं तर?

मंदआच: नको! कच्चं चिकन तीन तास बाहेर राहील, तेही नागपूरच्या मे महिन्यात. फ्रीझरमधलं गोठलेलंही टाकू नका, मधला भाग तापायला फार वेळ घेतो. पाच तासांनी ‘वॉर्म’वर आपोआप जाणारा कुकर असेल तर लेग पीस चालतील.

लाइट गेली आणि तुम्ही घरी असाल तर लगेच गॅसवर उकळून शिजवून घ्या. घरी नसाल आणि किती वेळ बंद होती ते कळत नसेल तर ते चिकन फेकाच.