धार्मिक मतदारांना पक्ष नेमकं कसं पकडतात?

निरंजन_क: इलेक्शन आलं की जगात कुठेही बघा, नेते प्रार्थनास्थळात हात जोडून फोटो काढतात. पण त्याने खरंच मतं मिळतात का हो? श्रद्धाळू माणूस एवढा भोळा असेल असं वाटत नाही.

मुक्ता७: फोटोवर काही नसतं. १९८० ची अमेरिकेची अध्यक्षपदाची निवडणूक बघा, तेव्हाचा अध्यक्ष कार्टर स्वतः संडे स्कूलमध्ये बायबल शिकवणारा माणूस, समोर रेगन म्हणजे हॉलिवूडवाला आणि घटस्फोटित, तरी गोरे इव्हँजेलिकल (बायबल शब्दशः मानणारे कट्टर प्रोटेस्टंट) बहुतेक रेगनकडे गेले. कारण १९७९ लाच जेरी फॉलवेल या पाद्र्याने मॉरल मेजॉरिटी नावाची संघटना काढून गर्भपात, शाळेतली प्रार्थना असले विषय तापवले होते आणि चर्चमधून मतदार नोंदणी चालू होती. तिथे १९५४ पासून नियम आहे, चर्चसारख्या करमुक्त संस्थेने कुठल्या उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. तर रेगन डॅलसला पाद्र्यांच्या मेळाव्यात म्हणाला, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही पण माझा तुम्हाला आहे! ज्याला सुचलं त्याला मानलं.

रिकामटेकडा: मुद्दे वगैरे ठीक, पण खरा खेळ वर्षभराच्या कामाचा असतो. तुर्कस्तानात ९० च्या दशकात रेफाह या इस्लामी पक्षाच्या बायका घरोघरी जायच्या, आजारपण, लग्न, नोकरी सगळं विचारायच्या, आणि १९९४ ला त्याच पक्षाचा एर्दोगान इस्तंबूलचा महापौर झाला तो काय नुसत्या भाषणांवर नाही. इस्रायलमध्ये शास या कर्मठ ज्यूंच्या पक्षाने तर स्वतःच्या शाळाच काढल्या, पोरगं तिथे शिकतंय म्हटल्यावर आईबाप मत दुसरीकडे कशाला देतील.

निरंजन_क: मग हे मतं विकत घेणंच झालं ना?

रिकामटेकडा: सरकार पोचत नाही तिथे कोणीतरी पोचतं, त्याला काय म्हणायचं ते म्हणा. मला स्वतःला शाळेचा प्रकार जास्त खटकतो, कारण पैसा शेवटी सरकारचाच.

जोशीबुवा: तुम्ही सगळे धार्मिक मतदार म्हणजे एकच गठ्ठा धरून चाललाय. अमेरिकेतले कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट पण तेवढेच देवभोळे, बायबलही तेच, आणि मतं भरभरून डेमोक्रॅट्सना. रविवारची प्रार्थना संपली की चर्चच्याच बसने लोक मतदानाला जातात. नागरी हक्कांची चळवळच त्या चर्चमधून उभी राहिली, त्यामुळे तिथे वेगळं काही पकडायला जावं लागत नाही.