जाहिरातीचा खर्च वाटताना

दोन-तीन व्यावसायिकांनी मिळून जाहिरातीचं एकच पत्रक छापलं, तर त्याचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यावा, असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही. पत्रकावर ज्याने अर्धी जागा घेतली त्याने अर्धा खर्च उचलावा. नाहीतर दुसऱ्याच खेपेला कुरबुर सुरू होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोबत कोण. एकच माल विकणारे दोघे एका पत्रकावर नकोत. गिऱ्हाईक तेच, पण गरज वेगळी, अशी जोडी हवी: फोटोग्राफर, फुलांची सजावट करणारे आणि निमंत्रणपत्रिका छापणारे, तिघांनाही लग्नघरच हवं असतं. प्रत्येकाचा सवलतीचा कोड मात्र वेगळा छापा आणि कोणाकडे किती कोड आले ते महिनाभर वहीत टिपा. पैसे छपाईआधीच गोळा करा. आणि कृपा करून, ग्राहकांचे फोन नंबर त्यांना विचारल्याशिवाय एकमेकांना देऊ नका.