'सर्वसमावेशक' की आणखी काही?

प्रश्न
नगररचनाकारांच्या एका कार्यशाळेची पत्रिका मराठीत करतेय. विषय असा, की शहरांचे नकाशे काढणाऱ्या पेशातच बायका, दलित, आदिवासी, दिव्यांग माणसं किती आणि त्यांचं ऐकलं जातं का. मी 'सर्वसमावेशक नगररचना व्यवसाय' लिहिलं. आईने वाचून विचारलं, "म्हणजे सगळ्या प्रकारचे प्लॅन काढून देतात?" काय लिहू?

प्रतिसाद
आईंचं बरोबर आहे. 'सर्वसमावेशक अहवाल' म्हणतो तेव्हा 'काही सुटलेलं नाही' एवढंच सांगायचं असतं. 'कोणी सुटलेलं नाही' हा अर्थ नंतर चिकटला. नुसतं 'समावेशक' चालेल. 'समावेशी' नको, ते हिंदीतून आलंय.

प्रतिसाद
मला 'समावेश'च खटकतो. 'सामावून घेणे' आपण कुठे ऐकतो? 'कंत्राटी कामगारांना सेवेत सामावून घ्या.' घेणारा खुर्चीत, दुसरा अर्ज घेऊन दारात. परीक्षा देऊन आलेल्या मुलीला 'सामावून घेतलं' म्हटलं, की ऑफिस मुळात दुसऱ्या कुणाचं तरी ठरतं.

प्रतिसाद
टीपीत, म्हणजे नगररचना खात्यात, नोकरी केली म्हणून सांगते, 'आरक्षण' शब्द जपून वापरा. आमच्याकडे आरक्षण म्हणजे डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, राखून ठेवलेला भूखंड: बाग, शाळा, दवाखाना. रुजू झाले त्या आठवड्यात एकाने चहा पिता पिता विचारलं, "आरक्षणातलं का?" हातातल्या फायलीबद्दल विचारतोय समजून मी म्हणाले, "नाही, रहिवासी विभागातलं." सगळे हसले. त्याला काय विचारायचं होतं ते घरी जाताना कळलं.

प्रतिसाद
मुंबईच्या 2034पर्यंतच्या विकास आराखड्यात नोकरदार महिलांसाठी निवास, आधार केंद्र (आधार कार्डाचं नव्हे, महिलांच्या मदतीचं) अशी आरक्षणं आली. त्यामागे महिला संघटनांचा पाठपुरावा होता. तिथे 'समावेशक' शोभतो की!

प्रतिसाद
शोभतो, पण ते शहराबद्दल झालं. ताई पेशाबद्दल विचारतायत. बाहेरून हरकती-सूचना देणं वेगळं आणि नकाशावर नावं घालणं वेगळं. एका सुनावणीत कोळीवाड्यातल्या एक मावशी नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं आमी मासली सुकवतो." नकाशात तिथे 'मोकळी जागा' लिहिलं होतं. वाड्यातलं कुणी त्या टेबलावर असतं, तर हे दोन शब्द लिहिलेच गेले नसते. माझं मत, भारदस्त शब्द सोडा. 'नगररचनेच्या पेशात कोण आहे, कोण नाही?' एवढंच लिहा.

प्रतिसाद
आणि कृपा करून 'महिला नगररचनाकार' नको. 'नगररचनाकार आल्या' म्हटलं की क्रियापद सांगतंच. 'पुरुष नगररचनाकार' कोणी लिहितं का?

प्रश्नकर्ती
'कोण आहे, कोण नाही' घेतलं. आईला पहिल्या वाचनात कळलं. आयोजक मात्र म्हणतात 'सर्वसमावेशक' कुठेतरी हवाच, निधी देणाऱ्यांना तो दिसावा लागतो. खाली बारीक अक्षरात टाकू का?