लेखनिक नको, मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका हवी: मागणी कशी मांडावी?

कृष्णाकाठ
नमस्कार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला अल्पदृष्टी असून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 50 टक्के अशी नोंद आहे. अक्षर मोठे असेल तर मी स्वतः वाचतो आणि स्वतः लिहितो, फक्त वेळ अधिक लागतो. गेल्या सत्रात अर्ज दिला, तेव्हा कार्यालयातून 'लेखनिक घ्या, नाहीतर सगळ्यांसारखे बसा' असे तोंडी सांगण्यात आले. लेखनिक म्हणजे आपण सांगू ती उत्तरे लिहून देणारा मदतनीस. मी सगळ्यांसारखा बसलो. भिंग ओळीओळीवरून सरकवत राहिलो आणि शेवटचा प्रश्न पूर्ण वाचून होण्याआधीच उत्तरपत्रिका गोळा झाली. पुढची परीक्षा दीड महिन्यावर आहे. पुन्हा गेलो तर हा मुलगा कटकट्या आहे असे प्राध्यापकांना वाटेल, ही धास्ती आहे. कसे बोलावे?

जुना_बाक
आपल्या अर्जात 'योग्य ती सवलत मिळावी' असे वाक्य असावे, असा माझा अंदाज आहे, कारण पहिली दोन वर्षे मीही तेच लिहीत होतो. 'योग्य ती' म्हणजे कोणती, हे ठरवायचे काम अशा वेळी आपण समोरच्या कारकुनावर टाकतो आणि त्याला ठाऊक असलेली सोय बहुधा एकच असते, ती म्हणजे लेखनिक. म्हणून आजाराचे वर्णन एका ओळीत आटोपून गरज नेमकी लिहावी: प्रश्नपत्रिका 20 पॉइंटच्या ठळक अक्षरांत, तीन तासांच्या पेपरला एक तास अधिक, आणि टेबल-दिवा. 'झेरॉक्स मोठी करून द्या' असे मात्र लिहू नये. मला तशी ए-थ्री कागदावर दिली होती. तो कागद बाकावर मावेना, निम्मा खाली लोंबत होता. ए-फोरवरच मोठा टाइप मागावा.

यात उपकार कोणाचेच नाहीत. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 17 मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, लेखनिक न घेणाऱ्यालाही तीन तासांमागे किमान एक तास वाढीव देता येतो आणि शक्य तेथे ब्रेल, संगणक किंवा मोठा टाइप यांतून निवड करू द्यावी, असे म्हटले होते. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. उत्तर तोंडी मिळाले, तर त्याच संध्याकाळी 'आज आपण सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून तेच ईमेलने कळवावे.

खडू_फळा
मी महाविद्यालयात शिकवते. कलमे अर्जात असावीत, पण पहिल्या भेटीत तोंडावर फेकू नयेत, असे माझे मत आहे. आमच्यातील पुष्कळांना ही तरतूद खरोखरच माहीत नसते. अडचण बहुधा वेगळीच असते. प्रश्नपत्रिका गोपनीय असल्यामुळे ती मोठ्या टाइपात काढण्याचा निर्णय विभागप्रमुखांच्या हातात नसतो, तो परीक्षा विभागाचा असतो, आणि विद्यार्थी आठवडाभर आधी आला तर आम्हीही हतबल असतो. आपल्याकडे दीड महिना आहे, तो पुरेसा आहे. अंतर्गत चाचणीतही हीच सोय मागून घ्यावी, म्हणजे ती चालते हे दाखवता येते.

वाकडे_अक्षर
माझे प्रमाणपत्र 40 टक्क्यांच्या खाली आहे, म्हणून मला सरळ परत पाठवले होते. अशांनी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग हा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2021 चा निकाल जोडावा. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराच्या बाबतीत न्यायालयाने लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट अमान्य केली आणि त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने स्वतंत्र सूचना काढल्या.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. अर्ज नव्याने लिहिला आहे, 'सवलत' हा शब्द काढून टाकला आहे. दिव्याजवळ प्लग लागेल हे लिहायचे राहिले होते. भिंतीलगतचा बाक मागितला आहे. उद्या आवक-जावक खिडकीवर देतो.